किल्लीची खिडकी

त्या रविवारी सकाळी आई खिडकीत उभी राहून म्हणाली, “फुंका, भावजी,” आणि काकाने गजांना नाक लावून अशी काही फुंकर मारली, की ओट्यावरचं पीठ तिच्या कपाळावर उडालं.

“ही फुंकर म्हणायची की वादळ?” आई कपाळ पुसत म्हणाली.

“अर्ध्या वर्षाची साठलीये, वहिनी. एकदम बाहेर आली.”

आईने खिळ्यावरची किल्ली काढून गजांतून त्याच्या हातावर ठेवली. काकाने ती डोळ्यांना लावली, आणि धक्क्याकडे जाताना उगाचच दोन उड्या मारल्या. साठीला आलेला माणूस. मागून काकू म्हणाली, “पडा आता. परवाना मिळाला आणि पाय मोडला, असं होऊ दे.”

आमच्या लाँचची किल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, हे दोन्ही काठांवरच्या माणसांना ठाऊक आहे. त्याचं श्रेय आजोबांना. एकदा ते थोडी जास्त घेऊन, धुक्यात, लाँचभर माणसांना पलीकडे न्यायला निघाले, प्रवाहात सुंदर गोल वळण घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा आपल्याच धक्क्यावर उतरवलं. माणसं उतरली, आभार मानून चालू लागली; एक गृहस्थ तर आपल्याच घरासमोर उभं राहून पत्ता विचारत होते. दुसऱ्या दिवशी आजीने किल्ली खिडकीत टांगली आणि नियम केला: जो लाँच नेईल त्याने आधी इथे येऊन फुंकायचं. आजीनंतर खिडकी आईकडे आली. पुढे कैक वर्षांनी धक्क्यावर पाटी लागली, की गाडीला जो नियम तोच बोटीला, दारू पिऊन चालवाल तर परवाना जाईल. आणि फुंकायचं यंत्र घेऊन अधिकारी फिरू लागले. तेव्हा बाबा काकाला म्हणाले होते, “सरकारला आपल्या आईइतकी अक्कल यायला एवढा वेळ लागला.”

काका सापडला तो मात्र खिडकीच्या पलीकडे. सकाळी इथून चोख निघाला, पलीकडच्या काठावर एका मित्राच्या निरोपसमारंभाला बसला, आणि रिकामी लाँच घेऊन येताना गस्तीच्या बोटीने गाठला. परवाना अर्ध्या वर्षासाठी जमा. पुन्हा सापडलात तर कायमचा, असं त्याला बजावून सांगितलं होतं. बाबांचा परवाना कानांपायी केव्हाच गेला होता, म्हणून मधल्या काळात आम्ही एक चालक ठेवला. तो निर्व्यसनी होता आणि इतका सावकाश होता, की काकूच्या म्हणण्याप्रमाणे माशांना त्याची कीव यायची. काका रोज धक्क्यावर बसून ती लाँच जाताना बघायचा. पाण्याविना माणूस कसा सुकतो ते तेव्हा मी पाहिलं.

त्याच काळात आईने मला परवान्याच्या परीक्षेला बसवलं होतं. “घरात आणखी एकाकडे कागद असावा,” एवढंच म्हणाली. मी शाळेत शिकवते. परीक्षा देणं मला जमतं. रविवारी मोकळ्या पाण्यात बाबांबरोबर हात बसवला, परवाना आला, कपाटात गेला. लाँच चालवायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आईला काय वाटलं होतं ते तिने सांगितलं नव्हतं.

तिला माझ्याकडून खरं हवं होतं ते वेगळंच. त्या सकाळीही काका गेल्यावर कणीक मळता मळता तिने विषय काढलाच.

“उद्यापासून खिडकी तू बघ.”

“आई, मला नाही जमत ते.”

“वर्गात चाळीस पोरांना ‘गप्प बसा’ म्हणतेस ना?”

“पोरं आहेत ती. काकाच्या खांद्यावर बसून मी पोहायला शिकले. त्याला कसं म्हणू?”

“एकच शब्द आहे.”

“बघू.”

“हे ‘बघू’ तू दहावीपासून बघतेयस,” आई म्हणाली, आणि डबे भरायला घेतले.

*

परवाना परत आल्याचं जेवण लाँचवरच करायचं ठरलं होतं. पलीकडच्या काठाजवळ, वळणाच्या आडोशाला प्रवाह मंद होतो. तिथे नांगर टाकला. आत्या आणि तिचे यजमान त्याच काठावर राहतात. काका त्यांना छोट्या होडीतून घेऊन आला. आत्याचे यजमान वकील आहेत. आमच्या घरात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. ‘वकील’ म्हणतात, आणि काकू म्हणते तेव्हा ती शिवी वाटते.

वकिलांनी पिशवीतून बाटली काढली.

“आज तरी नको,” काकू म्हणाली.

“वहिनी, आजच तर. माणूस सुटून आला.”

“सुटून? तुरुंगात होते का हे?”

“पाण्याबाहेर होता. ते कमी आहे?”

काकाने बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे, मग पाण्याकडे. “परत न्यायचंय सगळ्यांना,” तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात ठामपणा नव्हता.

वकील हसले. कोर्टात हसत असतील तसे. “हे बघ. इंजिन बंद. नांगर खाली. लाँच हलत नाही. मग ही लाँच आहे की पाण्यावरची खोली? खोलीत बसून एक पेला घेतला तर कुठल्या कायद्याने तू चालक? आणि निघायला संध्याकाळ आहे.”

“यांनी सांगितलं म्हणजे बरोबरच असेल,” आत्या म्हणाली. आत्या लग्नापासून नवऱ्याची बाजू घेत आलीय. बहुधा दुसरं कुणी घेत नाही म्हणून.

काकाने पेला घेतला. एक. मग तो रिकामा बघवेना म्हणून दुसरा.

काकूने मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी तिला नवऱ्याचा राग आलाच नव्हता. इतक्या महिन्यांनी तो मोकळा हसत होता आणि तिला ते हसू हवं होतं. म्हणून ती गप्प बसली, आणि गप्प बसल्याचा सगळा राग तिने वकिलांवर काढला: त्यांच्या ताटात माशाचे सगळे काटेरी तुकडे वाढले.

वकिलांनी मलाही पेला भरून दिला. मी तो उचलला होता. आईने माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि जागी लिंबाचं सरबत ठेवलं.

“मी काय लहान आहे?”

“लहान नाहीस म्हणूनच.”

मग ती उठली, सुकाणूच्या चाकाजवळ गेली, किल्ली उपसून कमरेला खोचली आणि पुन्हा येऊन जेवायला बसली. हे फक्त बाबांनी आणि मी पाहिलं. जन्मभर इंजिनाशेजारी उभं राहून बाबांचे कान अर्धे गेलेत, पण डोळे शाबूत आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त भुवई उडवली. त्यांच्या भाषेत ते एक लांबलचक वाक्य असतं.

*

वारा दुपारीच फिरला. नांगर थोडा सरकला आणि लाँचचं शेपूट हळूहळू काठाच्या दगडांकडे वळायला लागलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण निघायला हवं होतं. काका उठला, चाकाकडे गेला आणि जिथे किल्ली असायला हवी तिथे बोट लावून उभा राहिला.

“किल्ली पडली वाटतं,” तो हळूच म्हणाला.

“पडली नाही,” आई म्हणाली.

नेमकी तेव्हाच वळणाआडून गस्तीची बोट आली. नारिंगी जाकीट घातलेली, उन्हाने नाक सोललेली एक तरुण बाई त्यात उभी होती. काकाचा परवाना जमा केला होता तो हिनेच. काकाने पेला पाठीमागे लपवला. काकूने तो त्याच्या हातातून घेऊन पाण्यात ओतला. आत्याने बाटलीवर आपली पर्स ठेवली. बाबा मात्र शांतपणे मासा खात होते. त्यांना बोटीचा आवाजच आला नव्हता.

“नमस्कार,” बाई म्हणाली. “तुमचा नांगर सरकतोय. चालक कोण?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं.

वकील उठले, बटण लावलं. “चालक म्हणजे जो चालवतो तो. आत्ता कुणीच चालवत नाही. त्यामुळे चालक कुणीही नाही.”

“बरं. मग ही लाँच कुणाच्या ताब्यात आहे?”

“कुणाच्याच नाही. नांगर टाकलेला आहे.”

“नांगर टाकला म्हणून जबाबदारी टाकता येत नाही, साहेब. तरंगत्या लाँचवर माणसं असतील तर ती कुणाच्या तरी ताब्यात असावीच लागते. कुणाच्याच नसेल तर मी ओढून नेते आणि सकाळी सगळ्यांनी कार्यालयात या.” तिने काकाकडे पाहिलं. “काका, परवाना मिळाला ना परत? तुमच्या ताब्यात आहे का?”

वकिलांना तेव्हा कळलं, की आपण मेव्हण्याला स्वतःच्या हाताने खड्ड्यापाशी आणलंय. ‘हो’ म्हटलं तर काकाला फुंकावं लागणार आणि परवाना कायमचा जाणार. ‘नाही’ म्हटलं तर कुणाच्या, हा प्रश्न उरणारच. काका तोंड उघडणार होता. त्याचं तोंड उघडताना मी पाहिलं; तो ‘हो’च म्हणणार होता. खोटं बोलणं त्याला पिऊनसुद्धा जमत नाही.

“हिच्या ताब्यात आहे,” आई म्हणाली.

तिने किल्ली काढून माझ्यासमोर सरबताच्या पेल्याशेजारी ठेवली.

“भावजींनी पेला उचलला तेव्हाच मी किल्ली काढून घेतली. तेव्हापासून लाँच हिची. परवाना आहे हिच्याकडे. विचारा तिला.”

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या, तेव्हा बाबांनी वर बघून विचारलं, “काय झालं? आपण बुडतोय का?”

बाई आपल्या बोटीतून आमच्याकडे आली. माझा परवाना पर्समध्ये होता; सकाळी आईनेच ‘असू दे बरोबर’ म्हणून तो कपाटातून काढून ठेवला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी यंत्रात फुंकलं. यंत्राला माझ्यात लिंबाशिवाय काही सापडलं नाही.

“ठीक,” बाई म्हणाली. “आता न्या. मी मागून येते.” तिला सगळं समजलं होतं, आणि नियमात जेवढं बसतं तेवढंच ती करणार होती.

*

मी चाक हातात घेतलं. मागे गस्तीची बोट, पुढे अख्खी नदी, आणि कानाशी माझे आप्तस्वकीय.

“उजवीकडे घे,” वकील म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा,” आत्या म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्या लाल झाली, पण थांबली नाही. “जन्मभर ऐकलं तुमचं. आज तुमच्या पाण्यावरच्या खोलीने दादाला घालवलाच होता. बसा तिथे. बाटली धरा.”

“शाब्बास, वन्सं!” काकू म्हणाली, आणि दोघी एकमेकींना चिकटून बसल्या. गेली वीस वर्षं दोघींत एका भांड्यावरून अबोला होता. भांडं कुठलं ते आता दोघींनाही आठवत नाही.

काका माझ्यापासून लांब, पार मागच्या बाकावर बसला होता, हात गुडघ्यांत धरून. एकदाही त्याने सांगितलं नाही, की असं कर, तसं कर. फक्त मधल्या ओढीपाशी, जिथे पाणी लाँचला बाजूला खेचतं, तिथे तो जागच्या जागी हळूच डावीकडे कलला. मी चाक डावीकडे फिरवलं. बाबा इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवून बसले होते. नाडी बघतात तसा. त्यांनी मला अंगठा वर करून दाखवला.

आई शेजारी येऊन उभी राहिली.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. तो मोठा ताप आला होता ना मला, तेव्हापासून. तू कॉलेजात होतीस.”

मी चाक सोडणारच होते. “म्हणजे इतकी वर्षं? रोज सकाळी?”

“समोर बघ. दगड आहेत तिथे.” ती हसत होती. “वासाचं काय एवढं? तुझा काका शुद्धीत असला की मला ‘वहिनी’ म्हणतो. घेतली असली की ‘वहिनीसाहेब’. कधी चुकत नाही. तुझ्या बाबांनी घेतली की ते आधी केसांचा भांग नीट पाडून येतात. आणि तो सावकाश चालक, त्याला घ्यायची गरजच नव्हती, तो तसाच होता.”

“मग फुंका कशाला म्हणतेस?”

“अगं, फुंकायचंय हे ठाऊक असलं म्हणजे माणूस आदल्या रात्रीच पेला खाली ठेवतो. नाकाचं काय काम त्यात? कुणीतरी खिडकीत उभं असावं लागतं, एवढंच.”

धक्का जवळ आला. मी जरा जोरातच आले. लाँचने धक्क्यावरच्या टायरांना कडकडून मिठी मारली आणि वकिलांच्या मांडीवरची बाटली निसटून पाण्यात गेली. काकूने टाळ्या वाजवल्या. गस्तीच्या बोटीतून त्या बाईने हात वर केला आणि वळताना ओरडून म्हणाली, “काका, आज वहिनी होत्या म्हणून!”

उतरल्यावर काका खिडकीशी आला. मी आत होते. आई भांडी लावत होती.

“वहिनीसाहेब,” तो म्हणाला, “माझं चुकलं.”

आईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी ओठ चावले, पण उपयोग झाला नाही; आधी ती हसली, मग मी, मग आम्हाला खाली बसावं लागलं. बाहेर काका बिचारा गजांना धरून विचारत राहिला, “काय झालं? काय झालं?”

“उद्या सकाळी या, भावजी,” आई डोळे पुसत म्हणाली. “फुंकायला.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, तिला काही कळलंही नसेल. बाबा बराच वेळ तिच्या मनगटावर तळवा ठेवून बसून होते.

त्यानंतरचे दिवस मी लिहिणार नाही.

लिहायची ती नंतरची सकाळ. लाँच धक्क्याला बांधलेलीच होती. पलीकडच्या काठावर माणसं जमायची, वाट बघायची आणि पुलाच्या लांबच्या रस्त्याने जायची. आमची मंडळी स्वयंपाकघरात चहाला बसली होती. किल्ली खिळ्यावर होती. आईने शेवटची टांगलेली.

“फेऱ्या सुरू करायला हव्यात,” वकील म्हणाले. अलीकडे ते हळू बोलत. “आणि मला वाटतं, आता खिडकीची गरज नाही. धक्क्यावर गस्त आहे, यंत्र आहे. कायदा बघून घेईल.”

“कायदा रोज सकाळी उठतो का?” काकू म्हणाली.

“तिचं बरोबर आहे,” आत्या म्हणाली, आणि नवऱ्याच्या कपात चहा ओतला.

बाहेर काका येऊन उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट नीट खोचलेला. गजांतून किल्ली त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

“घ्या की हात घालून,” काकू आतून म्हणाली. “किती दिवस बघत राहणार?”

“तशी नाही घेता येत,” काका म्हणाला. तो खिडकीकडे न बघता पाण्याकडे बघत होता. “तशी घेतली तर मग मी कधीही घेईन. मला माहितीये मी कसा आहे ते.”

बाबांना ऐकू गेलं नसावं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली.

मी उठले. ओट्याशी जाऊन उभी राहिले. आईची जागा जरा घसरडी आहे, तिथली फरशी झिजलीय, हे मला पाय ठेवल्यावर कळलं. मी किल्ली काढून हातात घेतली. ती मला वाटली त्याहून हलकी होती.

काकाने वर पाहिलं. “ए मास्तरीण,” तो म्हणाला. लहानपणापासून तो मला हेच म्हणतो. “किल्ली दे.”

घेतल्यावरचं ‘मास्तरीणबाई’ नाही. मला तिथेच कळलं. आणि नाक तर माझं रडून रडून इतकं चोंदलेलं, की समोर अख्खी भट्टी पेटली असती तरी वास आला नसता. विचारायची काही गरज नव्हती.

तो वाकला, गजांना नाक लावलं आणि वाट बघत राहिला.

“फुंका, काका,” मी म्हणाले.